एक्केचाळीस नंबरची कॅसेट

राजिवडा, रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२४

श्री. विनोद मांडवकर यांस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते. मी बिल्किस, मरहूम मजीद सोलकरांची बायको. नऊ वर्षांत तुम्ही आमची पायरी चढला नाहीत, तेव्हा विसरला असाल तर आठवण करून दिली.

फेब्रुवारीत मजीद गेले. तुम्हाला कळलं असणारच, राजापूरपर्यंत बातमी जायला काय लागतं. तुम्ही आला नाहीत, तेही मी लक्षात ठेवलंय.

आता काम. इंग्लंडहून पत्र आलंय. तिकडे एक मंडळ आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या इंग्रजांनी सिंफनी लिहिल्या आणि ज्यांना त्यांच्याच लोकांनी अडगळीत टाकलं, त्यांची जुनी रेकॉर्डिंग शोधून हे लोक सीडी काढतात. मजीदनी ब्याऐंशी साली त्यांना आपल्या कॅसेटींची यादी पाठवली होती, ती आता कुणाच्या तरी हाताला लागली. एक्केचाळीस नंबरला लिहिलंय: ब्रॅकस्टोन, दुसरी सिंफनी, टिलबरी बंदर, एप्रिल १९८१. मंडळाचा सेक्रेटरी म्हणतो, १९१२ साली लिहिलेली ही सिंफनी आजवर तीनदा वाजली. तिसऱ्यांदा रेडिओवर लागली आणि मग त्या रेडिओवाल्यांनी आपली टेप पुसून दुसऱ्या कामाला लावली. म्हणजे जहाज धक्क्याला असताना आमच्या रेडिओ ऑफिसरने, मजीदनी, केबिनमध्ये बसून जी कॅसेट भरली, ती जगात एकटी.

आणि आमच्या कपाटात तिचा डबा रिकामा.

तुम्ही म्हणाल, मला काय विचारता. तर तुम्हाला नाही, मग कोणाला विचारू? त्या कपाटाला हात लावणारी माणसं दोनच. एक कब्रस्तानात आहे. दुसरा गावी जाऊन काजूच्या बागेत बसलाय असं ऐकते.

मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. शुक्रवारी नमाज आटोपून मजीद यायचे, चार वाजता तुम्ही, की सहापर्यंत आमच्या माजघरात पिपाण्यांचा नुसता कल्लोळ. मी आत मासे साफ करत म्हणायचे, ह्या साहेबांना एवढं रडायला झालंय तरी काय. पण आता त्या सीडीवर नाव छापणार आहेत: ध्वनिमुद्रण, मजीद सोलकर, रत्नागिरी. जन्मभर लोक ज्यांना येडा म्हणाले त्या माणसाचं नाव छापून यावं, एवढंच मला हवंय. कॅसेट नाही तर नाव नाही.

पंधरा दिवसांत पाठवा. कशी गेली, केव्हा गेली, मी विचारणार नाही.

बिल्किस सोलकर


राजिवडा
२० नोव्हेंबर २०२४

मांडवकर सर,

पंधरा दिवस झाले, वर एक. पत्र मिळालं नाही म्हणू नका. रजिस्टर केलं होतं, तुमच्या सहीची पोचपावती माझ्यापाशी आहे. मीही शाळेत एकतीस वर्षं हजेरी घेतली, सही ओळखते.

गप्प बसणारा माणूस मला समजत नाही. ज्याने काही केलेलं नसतं तो भांडतो, आरडाओरडा करतो. तुम्ही त्या दिवशीही भांडला नाहीत.

तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. मे महिना होता. अझीम दोह्याहून सुट्टीवर आला होता, बापाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो म्हणून. मजीदची वही समोर ठेवून एकेक डबा उघडत होता. जयगडची माझी माहेरची माणसं फणस घेऊन आली होती, ती ओटीवर. शुक्रवार म्हणून तुम्ही. अझीमने एक्केचाळीस उघडला तर आत काही नाही. मजीद म्हणाले, "जाऊ दे, पुढचा बघ."

ते जाऊ दे मला खटकलं. एका कॅसेटीवर धूळ दिसली तर दिवसभर धुसफुसणारा माणूस जाऊ दे म्हणतो? मला कळलं, मित्राला पाठीशी घालतायत. मी उठले आणि तुम्हाला म्हटलं, "सर, पिशवी दाखवा."

तुम्ही दाखवलीत. छत्री, चष्म्याचं घर आणि आमच्याचसाठी आणलेले ओले काजूगर. कॅसेट नव्हती. पण नेलेली वस्तू कोण रोज पिशवीत घालून फिरतो? तुम्ही एकदा मजीदकडे बघितलंत, पिशवी खांद्याला लावलीत आणि चालू पडलात. त्या बघण्याचा अर्थ मी तेव्हाच लावला. सांभाळून घे, अशी खूण होती ती.

मजीद त्या दिवशी जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तुला कळायचं नाही." चार महिने कपाटाला हात लावला नाही. मग एकट्यानेच ऐकायला लागले, आवाज बारीक करून. तुमच्या एका कॅसेटीपायी त्या माणसाची सोबत गेली, हे मी माफ करू शकत नाही.

तुम्ही उत्तर देत नाही म्हणून मी इंग्लंडला कळवलंय. इरमकडून, म्हणजे माझ्या सुनेकडून, ई-मेल लिहून घेतला: कॅसेट श्री. विनोद मांडवकर, निवृत्त शिक्षक, यांनी नेली, त्यांचा पत्ता असा असा. ती लिहिताना नाक मुरडत होती. माझ्या तिखट बोलण्यात ही पाणी घालील असा मला संशय आला, म्हणून पाठवायच्या आधी शब्द न् शब्द मराठीत वदवून घेतला. बरोबर होता.

बिल्किस सोलकर


राजिवडा
९ डिसेंबर २०२४

मांडवकर सर,

तुमचं कार्ड मिळालं. "मी काहीही घेतलेलं नाही. तेव्हाही हेच सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं नव्हतं, पिशवी मागितली होती." बस, दोन ओळी.

मी ते कार्ड चार वेळा वाचलं. घेतलेलं नाही, म्हणता. माझ्याकडे नाही, असं कुठे म्हणता? चाळीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकलेला माणूस नेमकं तेवढंच लिहितो जेवढं खोटं ठरणार नाही. मीही तीच कारणं ऐकत आले आहे, सर.

सेक्रेटरीचं उत्तर आलंय. ह्या धंद्यात फसवाफसवी फार आहे, असं तो लिहितो. पूर्वी लोक रेडिओवरून चोरून भरलेलं खोट्या वाद्यवृंदाच्या नावाने तबकड्यांवर छापून विकायचे. मजीदकडे अशा दोन तबकड्या होत्या. "वाजवणारे खरे, नाव तेवढं खोटं," असं म्हणून ते हसायचे. तर तो सेक्रेटरी विचारतो, कॅसेट खरोखर कधी होती का. म्हणजे आता माझ्या नवऱ्यावरच संशय. मी म्हटलं, विचारायचं ते मांडवकरांना विचार. तो तुम्हाला थेट पत्र घालणार आहे.

बिल्किस सोलकर


मु. पो. राजापूर
१८ डिसेंबर २०२४

बिल्किसभाभी यांस,

स. न.

इंग्लंडहून पत्र आलं. सेक्रेटरींनी सभ्य शब्दांत विचारलं आहे की मी चोरी केली काय. माझी नात राही हिने ते मला वाचून दाखवलं आणि आजोबा काय उत्तर देतात म्हणून तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा सोबत कॅसेट पाठवतो आहे.

मजीदने १९८५ साली ही माझ्याकडे ठेवायला दिली. कुणाला देऊ नकोस, बिल्किसला तर नाहीच, असं बजावलं होतं. तो होता तोवर शब्द पाळला. मी ती ऐकलेली नाही.

तुम्ही ऐका. घरात कुणी नसताना ऐका.

विनोद मांडवकर


राजिवडा
२३ डिसेंबर २०२४

मांडवकर,

सर म्हणायचंही आता मनात नाही. पार्सल आलं. माझा संशय खरा निघाला याचा आनंद झाला असं लिहिणार होते, पण झाला नाही. राग मात्र भरपूर आला.

म्हणजे कॅसेट तुमच्याचकडे होती. मजीदने ठेवायला दिली म्हणे. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं, तो उठून नाही म्हणायला येत नाही. आणि बायकोला देऊ नको असं तो का म्हणेल? घरभर पसरलेल्या त्या कॅसेटींवरची धूळ मीच पुसत होते.

ऐकली नाही, हा तर कहर झाला. तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. मजीदची पद्धत होती, एका शुक्रवारी सिंफनीचा एकच भाग. रोज थोडं खाल्लं तर पचतं, असं म्हणायचे. त्र्याऐंशीच्या सुट्टीत ब्रॅकस्टोनचे तीन भाग झाले आणि जहाजाची तार आली. चौथा राहिला. जाताना मजीद म्हणाले, पुढच्या सुट्टीत. मी नवी नवरी होते, आतून ऐकत होते. तुम्ही एस.टी. स्टँडपर्यंत त्यांची बॅग उचलून नेलीत आणि वर्षभर माझ्याकडे येऊन विचारत होता, काही पत्र, केव्हा येणार. आणि तो माणूस म्हणतो, चौथा भाग एकोणचाळीस वर्षं घरात होता आणि मी ऐकला नाही. हे शेंबड्या पोराला तरी पटेल का?

आणि काय ती सजावट. कॅसेट तागाच्या कापडात शिवलेली, वर निळा नायलॉनचा दोरा, शाईने १९८५. उसवायला मला अर्धा तास कात्री चालवावी लागली. जुनं दिसावं म्हणून कुठून आणलंत हे कापड?

जयगडला फोन करून मी सगळ्यांना सांगितलं, माझंच खरं होतं. अझीमलाही सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, आधी ऐकलीस का?" टेपरेकॉर्डर बंद आहे. बाजारातला महिपत दुरुस्त करून देणार आहे. ऐकून सेक्रेटरीला कळवते, आणि त्याला हेही कळवते की कॅसेट कुठे सापडली.

बिल्किस सोलकर


राजिवडा
२ जानेवारी २०२५

विनोदभाऊ,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन फाडली.

महिपतने परवा टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून दिला. इरम शाळेत शिकवायला गेली होती. मी दार लावलं, कॅसेट घातली, बटण दाबलं. खरखर झाली आणि एक बाई बोलायला लागली.

खोटं कशाला बोलू, विनोदभाऊ, पहिला विचार मनात आला तो घाणेरडा होता. तरणा आवाज, लाडीगोडीचं बोलणं. म्हटलं, म्हणून बिल्किसला देऊ नको. म्हणून मित्राकडे ठेवली. टिलबरीला नसेल, मुंबईला असेल, कुठेही असेल. आठ-दहा वाक्यं मी त्या बाईचा मनापासून द्वेष केला. मग ती म्हणाली, "अझीमला खालचे दोन दात आलेत, तुमच्या अम्मीच्या बोटाला चावतो."

मी होते ती. चौऱ्याऐंशी सालची. माझा स्वतःचा आवाज मला ओळखता आला नाही.

तुम्हाला त्या काळातलं सगळं ठाऊक आहे. राजिवड्यातल्या घराघरांतून जहाजांवर, कुवेतला, कॅसेटी जायच्या. पत्राऐवजी बोलायचं. तिकडून माणूस ऐकून त्याच कॅसेटीवर आपलं भरून परत पाठवायचा. कोऱ्या कॅसेटी तुम्हीच बाजारातून आणून द्यायचात. त्या खेपेला संपल्या होत्या, बोटीच्या एजंटाचा माणूस दुपारी मुंबईला निघणार होता, म्हणून मी कपाटातून एक काढली. त्यांच्या कॅसेटींवर नाव कधी नसायचं, डब्यावर नुसता आकडा. मला वाटलं, माल मोजून ठेवलाय. आणि कॅसेटीच्या माथ्यावरच्या त्या दोन बारीक पट्ट्या शाबूत होत्या. पट्टी मोडली की त्यावर पुन्हा भरता येत नाही, हे मला माहीत होतं. शाबूत, म्हणजे कोरी. मजीद पट्ट्या मोडायचे नाहीत, कारण गोदीतले कस्टमवाले मोडक्या पट्टीची कॅसेट विकायला आणलेली धरून काढून घ्यायचे. हे मला महिपतने परवा सांगितलं. त्याचे वडीलही बोटीवर होते.

सत्तावीस मिनिटं बोललेय मी. घरच्या बोलीत, भरभर. सुरुवातीलाच म्हणतेय, "विनोदभाऊंनी मशीन चालू करून दिलंय. बटण दाबून बाहेर अंगणात जाऊन बसलेत. मी म्हटलं, इथेच बसा, तर म्हणाले, नवरा-बायकोचं बोलणं आहे, मी कशाला."

हे ऐकलं आणि मी टेप बंद केली. पुन्हा चालू करायला तासभर लागला.

म्हणजे बटण तुम्ही दाबलंत. कॅसेट मी घातली. पुसलं आपण दोघांनी मिळून, आणि माहीत मला एकटीलाच नव्हतं.

माझं बोलणं संपतं आणि खट्ट आवाज होतो. मग एकदम तो वाद्यांचा समुद्र. अकरा मिनिटं. चौथा भाग अख्खा शाबूत आहे, विनोदभाऊ. मी त्यातलं काही समजले असं म्हणणार नाही. पण मी मासे सोडून पहिल्यांदा समोर बसून ऐकलं, आणि उठले नाही.

नंतर कापड बघितलं, कचऱ्यातून काढून. दर चौथ्या टाक्याला दुहेरी गाठ. मजीदची शिवण. दुर्बिणीची पिशवी अशीच शिवलेली खुंटीला लटकतेय, रोज माझ्या डोळ्यांसमोर. तो दोरा कुणी कधी उसवलेला नव्हता. मी उसवला. तुमचं खरं होतं. कार्डावरचं खरं होतं, चिठ्ठीतलं खरं होतं, आणि त्या शुक्रवारी तुम्ही तोंडातून काढलंच नाहीत तेही खरं होतं. मजीदकडे बघितलंत ते त्याने बोलावं म्हणून. तो बोलला नाही. माझ्या माहेरच्या माणसांसमोर मी तुम्हाला चोर ठरवत होते आणि माझा नवरा वहीत बघत होता.

मला लाज वाटते. हे एवढंच वाक्य मी आधीच्या दोन पत्रांत लिहिलं होतं आणि फाडलं, कारण पुरत नव्हतं.

अजून एक कबूल करते. पिशवी मागितली तेव्हा माझ्या मनात कुठेतरी कुजबुज झाली होती, की कधीतरी तूही ह्या कपाटातून काहीतरी काढलं होतंस. मी ती कुजबुज दाबली आणि आवाज चढवला.

आता ज्याने झोप उडालीय ते सांगते. त्या टेपवर शेवटी मी त्यांच्याकडे एक मागणं मागितलंय. "ही खेप शेवटची करा. परत या. इथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकू, मी शाळेत लागते, भागेल आपलं. हो की नाही ते सांगा. गप्प राहू नका." सुट्टीवर आल्यावर मी विचारलं, कॅसेट मिळाली? तर मजीद म्हणाले, "कुठली? पोचलीच नाही." मी समजले, अल्लाच्या मनात नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. त्यानंतर ते पंधरा वर्षं बोटीवर होते. नव्व्याण्णवला जहाजांवरून रेडिओ ऑफिसरची जागाच गेली तेव्हा घरी आले, त्याआधी नाही. दोन बाळंतपणं, अम्मीचं आजारपण, सगळं मी एकटीने काढलं, पोचलं नाही या एका शब्दावर.

पोचलं होतं. त्यांनी ऐकलं होतं. आणि मग कापडात शिवून तुमच्याकडे ठेवलं.

मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी लपवलं, की उत्तर द्यावं लागू नये म्हणून? पहिलं असेल तर माझ्यापायी त्यांनी जिवाभावाचा मित्र घालवला. दुसरं असेल तर मी कुणासोबत संसार केला? दिवसातून दहा वेळा एक धरते आणि सोडते. कब्रस्तानातल्या माणसावर संशय घेऊन बसलेय.

तुम्ही निदान शेवट तरी का ऐकला नाहीत? मजीदने सांगितलं असेल ना, चौथा भाग शिल्लक आहे म्हणून. पुढे पळवून ऐकता आला असता. उत्तर द्यायचं असेल तर द्या. मला मागायचा हक्क नाही.

बिल्किस


राजिवडा
१४ जानेवारी २०२५

विनोदभाऊ,

कार्ड मिळालं. तुम्ही लिहिलंत, "बोलणं कुठे संपतं हे कळायला बोलणं ऐकावं लागलं असतं." बाकी कोरं. मी ते कार्ड एक्केचाळीस नंबरच्या डब्यात ठेवलं.

रविवारी जयगडची माणसं बोलावली. त्या दिवशी होती तीच, दोन अल्लाघरी गेलीत ती सोडून. ओटीवर बसवून सांगितलं की कॅसेट मी पुसली, आणि ज्याच्यावर आळ घेतला त्याने ती चाळीस वर्षं सांभाळली. माझी भावजय म्हणाली, "झालं गेलं, आता कशाला उकरायचं." मी म्हटलं, पिशवी सगळ्यांसमोर मागितली होती. अझीमला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने तुमचा नंबर मागितला. माझ्याकडे नाही, असं खरं ते सांगितलं.

सेक्रेटरीलाही लिहिलं. इरमने ह्या वेळी नाक मुरडलं नाही. आधीचं सगळं खोटं होतं, माझी चूक होती, मांडवकर सरांची माफी मागा, असं लिहिलं. त्याचं उत्तर आलं. माफीचं पत्र तुम्हाला निघालंय. अकरा मिनिटं तर अकरा मिनिटं, ते छापणार आहेत. ध्वनिमुद्रण मजीद सोलकर, आणि खाली, जतन विनोद मांडवकर. बाकीच्या सत्तावीस मिनिटांचं काय झालं, असं त्याने विचारलंय. मी कळवलं, एका बाईने नवऱ्याला पत्र घातलं. ते वाक्य सीडीच्या पुस्तिकेत घेऊ का म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. तो ते हसण्यासाठी घेतोय की काय, असं वाटतं.

पण कॅसेट इतक्यात तिकडे जाणार नाही. आधी तुम्ही ऐकायची. गुरुवारी, २३ तारखेला, सकाळच्या गाडीने मी राजापूरला येते. इरम सोबत आहे, टेपरेकॉर्डर ती उचलेल. तुम्ही घरी नसाल तर मी ओटीवर बसेन, संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळ आहे. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही उघडलंत तर रागावणार नाही.

उघडलंत तर कॅसेट सुरुवातीपासून लावायची. पुढे पळवायची नाही. त्यात लपवण्यासारखं आता काही नाही, आणि ज्याच्यासाठी होतं त्याने ऐकून उत्तर दिलं नाही. मी समोर बसणार आहे. मी त्यांना परत बोलावते तो भाग आला की तुमच्या तोंडाकडे बघणार आहे, आधी ठाऊक होतं की नाही ते मला कळेल. माझी खोड आहे, जात नाही.

मग अकरा मिनिटं तुमची. तेव्हा मी बघणार नाही.

ती संपली की मला सांगा. तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखत होता. त्यांनी ती कॅसेट माझ्यासाठी लपवली की स्वतःसाठी? घाई नाही, चहा घेऊन सांगा. तुम्ही जे म्हणाल ते मी खरं धरीन.

तुमची
बिल्किसभाभी